सुभद्राबाईचं शिंकं

अमडापूरच्या बाजारात सुभद्राबाईची वांगी लोक पटकन घ्यायचे, ती वांग्यांच्या ओढीनं कमी आणि बोलण्यातून सुटका व्हावी म्हणून जास्त. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, की तागडीत वांगी पडायच्या आधी सुनेची गोष्ट पडायची. "घे बापा, माह्या सुनेच्या हातची हायेत. नागपूरले बास्केटबॉल खेळे ती. शेकड्यानं चेंडू टाकले तिनं, शेकड्यानं." बास्केटबॉल म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. सुभद्राबाईलाही नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की उंच खांबाला एक कडं असतं, त्यात चेंडू टाकायचा असतो, आणि आपल्या सुनेइतके चेंडू त्यात आजवर कुणीही टाकलेले नाहीत.

या बढाईचा जन्म लग्नाच्या मांडवातच झाला होता, आणि त्याला तसं कारणही होतं. सून रुख्मिणी मूळची डोणगावकडची. तिचे वडील पुंजाजी नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात माळी होते. बापानं कॉलेजच्या बागेत गुलाब लावले आणि पोरीला त्याच कॉलेजात घातलं. पोरीनं वर्गापेक्षा मैदान जास्त पाहिलं. आधी कॉलेजच्या संघात गेली, मग विद्यापीठाच्या संघात, जबलपूर-सागरपर्यंत खेळून आली आणि बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली. निवृत्त झाली म्हणजे तिचं लग्न झालं. बायकांच्या खेळात तेव्हा निवृत्तीचा तेवढाच एक प्रकार होता.

पंचाईत झाली ती उंचीची. नवरा इंद्रभान अंगानं मजबूत, पण बायकोच्या खांद्याशी संपायचा. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात नेता येतील तितके वर नेले, तरी नवरीचे डोळे वरून दिसतच राहिले. इंद्रभानच्या पायाखाली एकावर एक दोन पाट सरकवले, तर तो मंगलाष्टकं संपेपर्यंत डुगडुगत राहिला. सुपारी सोडवायच्या खेळात नवरीनं मूठ आवळली, ती नवऱ्याला उघडेना. वराकडच्या दोन मावश्या मिळून तिला लागल्या, तेव्हा नवरीनंच कीव येऊन मूठ सोडली. बायकांत खसखस पिकली. त्यात जनकाबाई होती. ही बाजारात सुभद्राबाईच्या बरोबर समोर भाजी घेऊन बसायची. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काऊन व सुभद्रे, सून आनली का घराच्या आढ्याले टेकू आनला?"

सुभद्राबाईला ते फार लागलं. खरं सांगायचं तर सुनेला पाहून तीही बिचकली होती. पण जनकाबाईपुढं ते कबूल करण्यापेक्षा तिनं विहीर जवळ केली असती. "मोठी खेळाडू हाये ती," सुभद्राबाई म्हणाली. "तुह्या सुनेनं काय टाकलं आजवर? गवऱ्याच ना?" तेव्हापासून बारा वर्षं हे चाललं होतं. दर बाजाराला चेंडू वाढत गेले, सागरची दिल्ली झाली, आणि गेल्या पोळ्यापासून तर रशियाच्या बायकाही हरायला लागल्या होत्या.

रुख्मिणी यावर काहीच बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलायची. घराच्या दारातून वाकून आत जायची, वाकून बाहेर यायची आणि मळ्यात दोन माणसांचं काम करायची. तिच्या खेळाचा घराला एकच उपयोग झाला होता, तो बंडी भरताना. सुभद्राबाई बंडीवर उभी राहायची आणि म्हणायची, "येऊ दे." खालून रुख्मिणी पत्ताकोबीचा गड्डा फेकायची. गड्डा असा यायचा, की सुभद्राबाईला हात हलवावा लागत नसे. हात जिथं असेल तिथंच तो येऊन बसायचा. किडका निघाला तर सुभद्राबाई न पाहता तसाच परत भिरकवायची, आणि रुख्मिणी असेल तिथून धावत येऊन तो झेलायची. अशानं बैल जुंपायच्या आत बंडी भरून व्हायची. सुभद्राबाईला यात काही विशेष वाटत नसे. गड्डा म्हणजे काही चेंडू नव्हे.

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. शाळाशाळांतून नवे खेळ सुरू करायची टूम निघाली होती. अमडापूरच्या शाळेत खांब आले, फळी आली, लोखंडी कडं आलं आणि खास कागदात गुंडाळलेला एक चेंडू आला. हेडमास्तर जानराव हौशी माणूस. बास्केटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण गावात एक खेळाडू आहे हे त्यांनी दर बाजाराला ऐकलं होतं. त्यांनी जाहीर केलं, की सव्वीस जानेवारीला बुलढाण्याहून सभापती येतील, आणि त्यांच्यासमोर पहिला चेंडू रुख्मिणीबाई टाकतील.

सुभद्राबाई त्या दिवशी वांगी विकायची विसरली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो ऊन डोक्यावर आलं तरी थांबेना. ऊन डोक्यावर आलं ते तिच्याच, कारण समोरचा कडुलिंब आणि त्याची सावली जनकाबाईकडे होती. ती जागा जनकाबाईच्या सासूपासून चालत आलेली. सावलीत बसलेल्या जनकाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे मेथीची जुडी बांधली.

"सुभद्रे," ती म्हणाली, "शेकडा ऱ्हाऊ दे. तुह्या सुनेले सगळ्यांसमोर एक चेंडू टाकू दे. टाकला, तर ही कडुलिंबाची जागा तुही. नाई टाकला, तर त्या दिवसापासून बाजारात सुनेचं नाव काढायचं नाई. कबूल हाये?"

आजूबाजूच्या भाजीवाल्यांनी कान टवकारले. त्यांना दोन्हीकडून गंमत दिसत होती.

"कबूल," सुभद्राबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात तिनं ही गोष्ट सुनेला सांगितली, म्हणजे आनंदाची बातमी द्यावी तशी सांगितली. रुख्मिणीच्या हातातला कोबीचा गड्डा खाली पडला. बारा वर्षांत तिच्या हातून गड्डा पडलेला सुभद्राबाईनं पाहिला नव्हता.

"आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली, "मी कधी चेंडू टाकला नाई."

"म्हंजे?"

"कड्यात टाकला नाई. एकबी नाई."

सुभद्राबाई बंडीचा दांडा धरून खाली बसली. "मंग इतकी वर्सं नागपुरात काय करत होती व तू?"

"माह्यं काम दुसरं होतं. समोरच्यांजवळून चेंडू काढून घ्यायचा, अन् आपल्या पोरीच्या हातात द्यायचा. टाकायची ती आशा."

"कोन आशा?"

"आमच्यात होती एक. लय छान टाके."

"अन् टाळ्या?"

"टाळ्या आशाले पडत."

"तू तिले देत होती, तिनं तुले कधी परत दिला नाई?"

रुख्मिणीनं जरा विचार केला. "नाई. मी चेंडू दिला का कड्याकडं पळत जाओ. चेंडू परत यीन म्हनून. पन आशाले टाकायचाच असे."

सुभद्राबाईनं त्या आशाला, तिच्या आईबापांना आणि तिला वाढवणाऱ्या नागपूर शहराला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं जरा बरं वाटलं. मग तिला मूळ संकट आठवलं. "मंग हे तू मले बारा वर्सांत सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही विचारलंच नाई," रुख्मिणी म्हणाली. "तुम्हीच सांगत होत्या."

सुभद्राबाई उठली आणि कामाला लागली. तिनं इंद्रभानला गोठ्याच्या आढ्याला एक जुनं टोपलं बांधायला लावलं आणि सुनेला कोबी टाकायला उभं केलं. चेंडू शाळेच्या कपाटात कुलपात होता. गड्डे घरचे होते. पहिल्या दिवशी गड्डे गोठ्याच्या भिंतीवर फुटले. दुसऱ्या दिवशी एक गड्डा टोपल्यात पडला आणि तीन म्हशीच्या पाठीवर. म्हशीनं दूध चोरलं. इंद्रभान संध्याकाळी ताटात पुन्हा कोबीच पाहून म्हणाला, "माय, आज वांगं कर ना जरा." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"मनातून टाक," सुभद्राबाई सुनेला म्हणायची.

"मनातूनच टाकून राह्यली, आत्याबाई. मनाले सवय नाई."

अशात जानराव मास्तर दारात आले. कड्याला लावायची जाळी आलीच नव्हती, आणि नुसतं कडं सभापतींना कसं दाखवायचं? "सुभद्राबाई, तुम्ही शिंकी फार छान विणता म्हणतात. तशीच एक जाळी विणून द्या. वर रुंद, खाली निमुळती. कड्याला अडकवायची."

"वजन किती धरलं पाह्यजे?"

मास्तरांना प्रश्न चमत्कारिक वाटला, पण त्यांना अजून झेंड्याची दोरी बघायची होती. "चेंडूचं," ते म्हणाले आणि निघाले.

मग काय विचारता. सुभद्राबाईनं नवी सुतळी आणली, पीळ देऊन दुहेरी केली आणि तीन दुपारी खपून असं शिंकं विणलं, की त्यात दह्याचा डेरा ठेवावा आणि निवांत गावाला जावं. कडेला कवड्या ओवल्या. खाली लाल गोंडा सोडला. आणि बूड असं घट्ट गाठवलं, की त्यातून वाटाणा खाली पडला नसता. शिंक्याला बूड ठेवू नये असं जगात कुणाच्या डोक्यात येईल, हे तिच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या शिपायानं शिडीवर चढून शिंकं कड्याला बांधलं. जानराव मास्तरांनी मान वर करून पाहिलं. चित्रातली जाळी त्यांनी पाहिली होती, आणि तिच्यातून चेंडू खाली येत होता एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण तेवढ्यात वेशीवर सभापतींची जीप वाजली आणि शिपाई शिडी घेऊन गर्दीत नाहीसा झाला.

सारं गाव लोटलं होतं. सरपंच हिंमतरावांनी खांबाला हळदकुंकू लावलं, खांबाच्या पायथ्याशी नारळ फोडला, आणि ज्या मुली खेळणार होत्या त्यांना खोबरं वाटलं. सभापतींचं भाषण झालं. बायका मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. पुढच्या ओळीत सुभद्राबाई, आणि तिच्या शेजारी मुद्दाम येऊन बसलेली जनकाबाई.

रुख्मिणी मैदानात आली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. मास्तरांनी तिच्या हातात चेंडू दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरून जरासा फिरवला. एवढ्या वर्षांनी हातात खरा चेंडू आला म्हणून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते सुभद्राबाईनं पाहिलं. मग तिनं टाकला.

चेंडू फळीवर आपटला आणि परत आला. सभापतींना वाटलं झालं, ते टाळ्या वाजवू लागले. सरपंचांनी त्यांचा हात हळूच धरला.

"हा सरावाचा होता," जानराव मास्तर घाईनं म्हणाले.

दुसरा चेंडू कड्यावर बसला, कड्याच्या काठानं फिरला, सुभद्राबाईच्या शिंक्यात डोकावला आणि बाहेरच्या बाजूनं खाली पडला. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. जनकाबाईनं पदर सारखा केला. "वांगी कशी विकनार व उद्यापासून," ती हळूच म्हणाली, "मुक्यानं?"

सुभद्राबाईनं ऐकलं, पण ते आत शिरलं नाही. ती सुनेकडं पाहत होती. रुख्मिणी चेंडू उचलून परत जागेवर आली होती, आणि तिनं चोरून एकदा सासूकडं पाहून मान फिरवली. मांडवात बायका हसल्या तेव्हा ही पोरगी घाबरली नव्हती. आज घाबरली होती, आणि गावासाठी नाही, कड्यासाठी नाही; सासूचं तोंड पडेल म्हणून घाबरली होती. सुभद्राबाईला एकदम स्वतःची लाज वाटली. बारा वर्षं आपण हिच्या नावानं बाजार गाजवला आणि ही काय खेळायची ते एकदाही विचारलं नाही. ही देणारी. आणि हिला आपण एकटीला उभं केलं, द्यायला समोर कुणी नाही.

ती उठली. कुणी विचारायच्या आत मैदानात शिरली, बंडीवर उभी राहते तशी पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "येऊ दे."

रुख्मिणीनं मान वळवली नाही. सवयीनं हात चालला आणि चेंडू सुटला. तो थेट सुभद्राबाईच्या छातीशी, तिच्या दोन हातांत येऊन बसला, रोज गड्डा बसतो तसा. आणि रुख्मिणी पळाली. चेंडू दिल्यावर जशी नागपुरात पळायची, जबलपुरात पळायची, परत येईल म्हणून पळायची, तशी कड्याकडं पळाली.

सुभद्राबाईनं विचार केला नाही. किडका गड्डा भिरकवते तसा चेंडू भिरकावला. रुख्मिणीनं तो धावताधावता झेलला, दोन ढांगा टाकल्या, उडी मारली आणि हात लांब करून चेंडू फळीला हलकेच टेकवला. फळीनं तो कड्यात उतरवला, शिंक्यात टाकला, आणि तो तिथंच राहिला. शिंकं डुलत राहिलं. लाल गोंडा हलत राहिला.

क्षणभर सगळे वर बघत राहिले. पडत नाही, अशी खात्री झाल्यावर गावानं जो गलका केला, तो ऐकून जीपचा ड्रायव्हर धावत आला.

सभापतींनी बास्केटबॉल एकदा अकोल्याला लांबून पाहिला होता. ते सरपंचांच्या कानाशी लागले. "चेंडू खाली यायला पाहिजे ना?"

हिंमतरावांनी त्यांच्याकडं अजब नजरेनं पाहिलं. "खाली आला असता, तर मंग टाकला काय म्हनायचा, साहेब?"

रुख्मिणी कड्याखाली उभी होती, मान वर करून. टाळ्या पडत होत्या आणि त्या कुणासाठी आहेत हे तिला समजायला वेळ लागत होता. ती मागं वळून पाहत होती, जणू आशा तिथं कुठं उभी असावी. मग तिचे डोळे भरून आले. सुभद्राबाई तिच्याजवळ गेली, पण सुनेच्या खांद्यावर हात ठेवायचा तर तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

"परत आला ना?" सुभद्राबाई म्हणाली.

"आला, आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली.

मुलींचा सामना मात्र त्या दिवशी झाला नाही. शाळेचा एकुलता एक चेंडू शिंक्यात होता, शिडी सापडत नव्हती, आणि ती सापडली तेव्हा शिपायानं कात्री काढली म्हणून सुभद्राबाई आडवी पडली. "शिंक्याचं बूड कापतात व कुठी? कोनी शिकवलं तुले हे?" शेवटी आठवड्यानंतर रुख्मिणीनंच बसून, एकही धागा न तोडता, बुडाच्या गाठी सोडवल्या. सासूनं पाठ फिरवून ते होऊ दिलं. त्यानंतर दर संध्याकाळी शाळेतल्या मुलींना शिकवायला रुख्मिणी मैदानात जाऊ लागली. चेंडू दिला की पळायचं, आणि पळणारीला परत द्यायचा, एवढंच ती पहिले काही दिवस शिकवत होती.

राहिला कडुलिंब. पुढच्या बाजारी सुभद्राबाई टोपली घेऊन सावलीत जाऊन उभी राहिली. जनकाबाई हलली नाही.

"टाकला ना व चेंडू?" सुभद्राबाई म्हणाली.

"टाकला. मी नाई कुठी म्हनते?" जनकाबाईनं मेथी बाजूला सरकवली. "पन सुनेनं एकटीनं टाकला नाई. अर्धा तू दिला, अर्धा तिनं टाकला. माही बोली सुनेची होती. अर्धी जागा घे."

आजूबाजूच्या भाजीवाल्यांनी विचार केला आणि हा निकाल बरोबर ठरवला. सुभद्राबाईनंही फार वाद घातला नाही. ती सावलीत बसली, जनकाबाईच्या खांद्याला खांदा लावून, आणि वांगी मांडली. पहिलं गिऱ्हाईक आलं.

"घे बापा," ती म्हणाली, "माह्या सुनेच्या हातची हायेत. नागपूरले बास्केटबॉल खेळे ती. आयुष्यात एकच चेंडू टाकला तिनं."

"एकच?" गिऱ्हाईक म्हणालं.

"एकच. बाकीचे सगळे दुसऱ्यायले दिले. अन् हा एक तिले कोनी दिला, माहीत हाये काय?"

जनकाबाईनं डोळे मिटून घेतले. सुभद्राबाई समोर उन्हात बसायची, तेव्हा जनकाबाईला निदान अर्धं तरी ऐकू येत नसे.